सुटे वचन आणि सबंध शास्त्र

मराठी ख्रिस्ती घरांच्या भिंतींवर जी वचने चौकटीत टांगलेली दिसतात, त्यांत बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 29व्या अध्यायातील 11वे वचन हमखास आढळते. तुमच्याविषयी माझ्या मनात जे संकल्प आहेत ते हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, असे देव त्यात सांगतो. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलाला, नवे दुकान थाटणाऱ्याला, आखाती देशात नोकरीला निघालेल्या परिचारिकेला हेच वचन लिहून दिले जाते, आणि नववर्षाच्या पहिल्या सकाळी मोबाइलवर फुलांच्या चित्रासह तेच येते. वचन खरे आहे आणि त्याने कित्येकांना धीर दिला आहे, याबद्दल वाद नाही. ते ज्या पत्रात आहे ते पत्र मात्र आपण क्वचितच शेवटपर्यंत वाचतो.

यरुशलेमेतून बाबेलास कैद करून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र धाडले होते. त्याआधीच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांच्या आत सगळे सुरळीत होईल, बंदिवान घरी परततील, असे मंदिरात सर्वांसमक्ष सांगून गेलेला आहे. यिर्मया त्याच्या नेमके उलट सांगतो: सत्तर वर्षे लागतील, तोवर तिथेच घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि ज्या नगराने तुम्हांला कैद केले त्याच नगराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. सत्तर वर्षे या शब्दांचा अर्थ पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांना लगेच कळला असणार. त्यांच्यातले बहुतेक जण परत जाण्यापूर्वीच मरणार होते. म्हणूनच शमाया नावाच्या एका निर्वासिताने हे पत्र वाचल्यावर यिर्मयाला आवरा, असा उलट निरोप यरुशलेमेच्या याजकाला पाठवला. या सगळ्याच्या मधोमध ते 11वे वचन आहे. तेवढेच उचलून घेणारा माणूस यिर्मयाचे शब्द वापरतो, पण त्याच्या मनात तयार होणारी आशा बऱ्याचदा हनन्याची असते: लवकर, विनासायास आणि आपल्या सोयीने.

शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, अभ्यासाने शिष्यत्व वाढते, हे वाक्य आपल्या सर्व मंडळ्यांत (चर्चमध्ये), कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, एकमुखाने मान्य होते. माझे म्हणणे असे आहे की आपण ज्याला आज अभ्यास म्हणतो त्याने ते फारसे वाढत नाही. सुटी वचने गोळा करणे आणि दर रविवारी व्यासपीठावरून येणारा संदेश निमूटपणे ऐकून घेणे, या दोन सवयींवर आपले बहुतेक शास्त्रज्ञान उभे आहे. पवित्र शास्त्रातले एकेक पुस्तक आरंभापासून अखेरपर्यंत, मंडळीने एकत्र बसून, प्रश्न विचारत आणि त्यातून निघणाऱ्या आज्ञेची जबाबदारी घेत वाचणे ही तिसरी सवय जिथे नाही, तिथे शास्त्र माणसाला घडवत नाही. माणूसच आपल्या गरजेप्रमाणे शास्त्र घडवून घेतो.

वचनांचे आकडे शास्त्राबरोबर आलेले नाहीत, हे लक्षात घेतले तरी बरेच काही सुटे होते. आज आपण वापरतो ती अध्यायांची विभागणी 13व्या शतकाच्या सुरुवातीस स्टीफन लँग्टन यांच्या नावाने रूढ झाली, आणि नव्या करारातील वचनांना आजचे क्रमांक रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने 1551 साली दिले. म्हणजे मंडळीच्या इतिहासातील जवळजवळ पंधरा शतके कोणाही ख्रिस्ती माणसाला ‘फिलिप्पै 4:13’ असे म्हणताच आले नसते. त्याला प्रेषित पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेले पत्र ऐकावे लागले असते, आणि ऐकताना हेही कानावर पडले असते की मला सर्व काही शक्य आहे असे म्हणणारा हा माणूस कैदेत आहे, आणि तो यशाबद्दल बोलत नसून उपासमार आणि विपुलता या दोन्हींत समाधानी राहायला आपण कसे शिकलो, ते सांगतो आहे. क्रमांक ही मोठी सोय आहे, हे मान्यच. पण त्या सोयीमुळे शास्त्र म्हणजे दुखण्यानुसार काढून देण्याच्या गोळ्यांचा डबा अशी जी समजूत झाली आहे, ती आपण निमूटपणे मान्य केलेली आहे.

आपल्या मातीतला अनुभव वेगळे सांगतो. नारायण वामन टिळक यांना राजनांदगावकडे जाणाऱ्या रेल्वेत एका अपरिचित युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला, ही हकीकत मराठी ख्रिस्ती घरांत सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातला जो भाग आपण सहसा सांगत नाही तो असा की टिळकांना पकडले ते एखाद्या वचनाने नव्हे, तर मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने. ते सलग तीन अध्यायांचे आहे, आणि त्यात ‘धन्य ते’ या आरंभीच्या उद्गारांपासून वाळूवर बांधलेल्या घरापर्यंत एकच वाढत जाणारी मागणी आहे. ती मागणी सबंध ऐकल्यावरच माणूस अडचणीत येतो. 1895च्या फेब्रुवारीत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्याची किंमत त्यांना आपल्या घरादारात मोजावी लागली.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण याहून बोलके आहे. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही, अशी कबुली त्यांनी आपल्या साक्षीत दिली आहे. संस्कृतात पारंगत असलेल्या, कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ म्हणून गौरवलेल्या बाईने हे लिहावे, यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. बाप्तिस्मा हा शिष्यत्वाचा उंबरठा असतो. त्यापलीकडचे घर चालून पाहावे लागते. रमाबाईंनी ते कसे पाहिले? दुष्काळातून वाचवलेल्या शेकडो मुली आणि बाया केडगावच्या मुक्ती सदनात होत्या. त्यांना कळेल अशा साध्या मराठीत शास्त्र असावे म्हणून त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांचे निधन होईपर्यंत या भाषांतराचेच काम करत राहिल्या. मुक्तीच्या छापखान्यात ते छापले गेले. ज्या समाजाने स्त्रीला शास्त्र ऐकण्याचाही अधिकार नाकारला होता, त्या समाजात एका विधवेने निराधार बायांच्या हाती सबंध ग्रंथ ठेवला. त्यातली निवडक वचने त्यांनी छापून वाटली असती तर श्रम कितीतरी वाचले असते. त्यांनी तसे केले नाही, कारण समोरची बाई स्वतः वाचील, विचार करील आणि प्रसंगी आपल्यालाही प्रश्न विचारील, यावर त्यांचा विश्वास होता.

तो विश्वास आपल्या आजच्या मंडळ्यांत कितपत आहे? उपासनेत गाणी, प्रार्थना, निवेदने आणि वर्गणीचा हिशेब झाल्यावर पाळक उठतात, एक वचन वाचतात, आणि अर्धा तास किंवा त्याहून अधिक काळ बोलतात. कोणी हात वर करीत नाही. आठवड्यात होणाऱ्या घरोघरच्या प्रार्थना सभांमध्येसुद्धा, जिथे पंधरा-वीस माणसे सतरंजीवर गोलाकार बसलेली असतात, एकच जण बोलतो आणि उरलेले ‘आमेन’ म्हणतात. पाळकांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. त्यांच्यावर अंत्यविधी, लग्ने, आजारपणे, मालमत्तेचे तंटे आणि निवडणुकांतले गट यांचा भार इतका असतो की त्यांनी दर आठवड्याला नवा संदेश तयार केला, हेच पुष्कळ. दोष रचनेचा आहे. तिच्यात एकाने अभ्यास करायचा आणि दोनशेंनी तो ऐकायचा अशी वाटणी झालेली आहे, आणि शिष्यत्वाची अशी वाटणी होत नसते.

शास्त्रातच याहून चांगला नमुना आहे. नहेम्याच्या 8व्या अध्यायात एज्रा पाणीवेशीच्या चौकात पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्राचा ग्रंथ वाचतो. ऐकायला पुरुष, स्त्रिया आणि समजण्याइतकी मोठी मुले असे सगळे उभे आहेत, आणि लेवी, म्हणजे मंदिरसेवेचे काम करणारे, जमलेल्या लोकांना अर्थ समजावून देत आहेत. लोक रडू लागतात, तेव्हा त्यांना सांगितले जाते की जा, जेवा, आणि ज्याच्यापाशी काही नाही त्याला वाढून पाठवा. इथपर्यंतचा भाग उपदेशांत पुष्कळदा येतो. त्याच्या पुढचा क्वचितच येतो. दुसऱ्या दिवशी घराण्यांचे प्रमुख, याजक आणि लेवी पुन्हा एज्राभोवती बारकाईने अभ्यास करायला जमतात. मांडवांच्या सणाची आज्ञा त्यांना लिहिलेली सापडते, आणि ते डोंगरावर जाऊन जैतून, मेंदी आणि खजुरीच्या फांद्या आणून आपापल्या धाब्यांवर आणि अंगणांत मांडव घालतात. पहिल्या दिवसाचे रडे खरे होते, पण लोकांच्या जगण्यात बदल झाला तो दुसऱ्या दिवशीच्या बैठकीने. आपल्याकडे पहिला दिवस दर वर्षी संजीवन सभांच्या रूपाने थाटात साजरा होतो. दुसरा दिवस उगवतच नाही.

सबंध पुस्तक एकत्र वाचले की काय घडू शकते, याचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उदाहरण गलतीकरांस लिहिलेल्या पत्राचे आहे, आणि ते महाराष्ट्राच्या मंडळीला थेट भिडणारे आहे. यहुदी नाही, हेल्लेणी नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष व स्त्री हा भेद नाही, तुम्ही सर्व ख्रिस्तात एकच आहात, हे तिसऱ्या अध्यायातील 28वे वचन आपल्याला तोंडपाठ आहे. सुटे घेतले तर ते सुंदर आहे आणि निरुपद्रवी आहे; त्यावर टाळ्या पडतात आणि कोणाचेच काही बिघडत नाही. पण पत्र सुरुवातीपासून वाचणाऱ्याला या वचनापर्यंत पोहोचण्याआधी दुसऱ्या अध्यायातून, अंत्युखियातील एका जेवणाच्या पंक्तीतून, जावे लागते. परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांबरोबर एरवी जेवणारा पेत्र यरुशलेमेच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे आल्यावर त्यांच्या भीतीने पंक्तीतून मागे सरतो. त्याच्या मागोमाग इतर यहुदी आणि बर्णबाही सरतात. आणि पौल सर्वांसमक्ष त्याला सुनावतो की तू सुवार्तेच्या सत्याप्रमाणे चालत नाहीस. इथे तंटा मताचा नव्हता, कारण पेत्राचे मत बरोबरच होते. तंटा होता तो कोणाबरोबर बसून जेवायचे याचा.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), औरंगाबाद, जालना या भागांतील प्रॉटेस्टंट मंडळ्या प्रामुख्याने ज्या दलित समाजांतून उभ्या राहिल्या, त्या समाजांना पंक्तीतून उठवले जाणे म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. तरीही वेगवेगळ्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांत सोयरीक जुळवताना मूळ समाज कोणता ही चौकशी आजही होते. मंडळीच्या समितीतील गटांनाही पुष्कळदा त्याचाच आधार असतो. वसईत किंवा गोव्यात त्याचे रूप निराळे आहे, पण तिथेही जुन्या जातींच्या खुणा पुसल्या गेल्या असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. अशा मंडळीत 3:28 वरचा संदेश शंभरदा देता येतो. गलतीकरांस पत्र मात्र एकदाही नीट वाचता येत नाही, कारण वाचणाऱ्यांपैकी कोणीतरी, बहुधा एखादी तरुण मुलगी, शांतपणे विचारते की मग आपल्या मंडळीतला पेत्र कोण? हा प्रश्न व्यासपीठावरून येऊ शकत नाही. तो वर्तुळात बसलेल्यांतूनच यावा लागतो, आणि म्हणूनच वर्तुळ हवे.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप असा की सामान्य माणसाच्या हाती अर्थ लावण्याचे काम दिले तर भलत्या शिकवणी पसरतात. आक्षेप पोकळ नाही. स्वतःला प्रेषित म्हणवणारे, आजारी माणसाला औषध बंद करायला लावणारे, दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाच्या, बदल्यात दुप्पट परताव्याची हमी देणारे पुढारी आपण पाहतो आहोत, आणि त्यांच्या प्रत्येकाच्या हाती बायबल असते. पण त्यांची पद्धत नीट पाहावी. ते कधीही सबंध पुस्तक घेत नाहीत. एक वचन इथले, एक तिथले असे जोडून आपला मजला चढवतात, आणि ऐकणाऱ्याला मागचापुढचा संदर्भ तपासण्याची सवय नसल्यामुळे तो मजला टिकतो. याला आळा घालायचा तर लोकांना शास्त्रापासून दूर ठेवून चालणार नाही. त्यांना संदर्भ पाहण्याची सवयच लावावी लागेल. बिरुयातील लोकांनी प्रत्यक्ष पौलाचे म्हणणे रोज शास्त्रात शोध करून पडताळले, आणि लूक त्याबद्दल त्यांना उद्धट म्हणत नाही, मोठ्या मनाचे म्हणतो. अपुल्लो हा वक्ता, शास्त्रात निपुण. तरी त्याच्या शिकवणीतली उणीव एका तंबू शिवणाऱ्या जोडप्याने, प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी, त्याला जवळ घेऊन भरून काढली. त्याने ती भरून घेतली, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची.

परंपरेचे भान सोडावे, असे यातून निघत नाही. 19व्या शतकातले ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजी यांनी नव्या करारावर मराठीत टीका, म्हणजे भाष्य, लिहिले ते याच हेतूने, की वाचकाला आधी झालेल्या विचाराचा आधार मिळावा. कॅथलिक बाजूला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी दैवी प्रकटीकरणावरचा आपला दस्तऐवज जाहीर केला. शास्त्राचे अज्ञान म्हणजे ख्रिस्ताचे अज्ञान, हे संत जेरोम यांचे बोल त्यात पुन्हा उद्धृत करून सर्व भाविकांनी शास्त्र वारंवार वाचावे, असा आग्रह धरला. हा आग्रह धर्मसभेच्या शिकवणीची चौकट न सोडता धरलेला आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्याच आग्रहाचे मराठी फळ म्हणता येईल, आणि त्याला 2013 साली साहित्य अकादमीचा अनुवादाचा पुरस्कार मिळाला. ग्रंथ घरोघरी पोहोचले आहेत. रविवारच्या मिस्सेतील (कॅथलिक उपासनेतील) वाचने तीन वर्षांच्या चक्रात शास्त्राचा मोठा भाग कानांवर घालतात. उणीव आहे ती मिस्सा संपल्यावर त्या वाचनांभोवती बसणाऱ्या माणसांची.

वेळ नाही, ही तक्रार मी फार मनावर घेत नाही. मार्काचे शुभवर्तमान मोठ्याने वाचायला दीड-दोन तास लागतात, आणि तेवढा वेळ आपण दर आठवड्याला कुठे घालवतो ते सर्वांना माहीत आहे. वाचता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांचे काय, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि त्याचे उत्तर शास्त्राच्याच जन्मकथेत आहे. पौलाची पत्रे मंडळीत मोठ्याने वाचून दाखवण्यासाठीच लिहिलेली होती; कलस्सै येथील पत्र लावदिकीयात वाचले जावे आणि तिकडचे इकडे, असे तो स्वतः सांगतो. ऐकणारे पुष्कळसे निरक्षर, त्यांत दासही होते. आपल्याकडे कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांनी 19व्या शतकात ख्रिस्ती कीर्तनाची जी वाट पाडली, तिने हेच केले: संपूर्ण कथा, तिच्या पूर्वरंगासह, अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्यापर्यंत नेली. ‘बायबल बाया’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती प्रचारिका घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवत. निरक्षर आजीला योसेफाची अख्खी गोष्ट ठाऊक असे. पदवीधर नातवाला त्यातले ‘तुम्ही वाईट योजले, पण देवाने त्याचे चांगले केले’ एवढेच, तेही स्टेटसला लावण्यापुरते.

नातवाची अडचण आणखी एक आहे. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलामुलींना देवनागरी सलग वाचणे जड जाते, आणि जुन्या मराठी भाषांतराची वाक्ये त्याहून जड. परिणामी आईवडील मराठीत, मुले फोनवर इंग्रजीत, असे एकाच घरात दोन ग्रंथ झाले आहेत. यावर मुलांना दटावण्यापेक्षा रमाबाईंचे, दिब्रिटोंचे आणि बायबल सोसायटीचे भाषांतर शेजारी ठेवून उतारा आळीपाळीने मोठ्याने वाचावा. मुले इंग्रजीतून वाचतील तर तेही वाचू द्यावे, आणि बोलणे मात्र मराठीत करावे. तीमथ्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत, लोईसमध्ये, आणि आईत, युनीकेमध्ये, वसत होता असे पौल लिहितो. घरातल्या दोन पिढ्यांना एकमेकींचे बोलणेच कळेनासे झाले तर ही वाट बंद होते.

प्रत्यक्षात करायचे ते फार नाही. आठवड्यातल्या एका सभेत व्याख्यान बंद करावे आणि एक पुस्तक हाती घ्यावे. पाळकांनी वर्तुळात, सर्वांच्या बरोबरीने बसावे. जे ठाऊक आहे ते विचारल्यावर सांगावे, न विचारता नको. उताऱ्यात कोण कोणाशी बोलतो, आधी काय घडले, हे पाहिल्याशिवाय ‘मला यातून काय मिळाले’ यावर कोणी येऊ नये. आणि पुढच्या सभेची सुरुवात मागच्या उताऱ्याने आपल्याला काय करायला लावले, या चौकशीने व्हावी, कारण वचन ऐकून त्याप्रमाणे न करणारा स्वतःचीच फसवणूक करतो, असे याकोब म्हणतो. ही चौकशी सुरुवातीला अवघड जाईल. काही जण यायचे थांबतीलही.

आरंभ फिलेमोनाच्या पत्राने करावा, असे मी सुचवीन. ते अवघे 25 वचनांचे आहे, एका बैठकीत पुरे होते, आणि त्यातले एकही वचन भिंतीवर टांगण्याजोगे नाही, हाच त्याचा मोठा गुण. घरातून गेलेला दास अनेसिम याला दास म्हणून नव्हे, तर प्रिय बंधू म्हणून परत घे, अशी पौलाची धन्याकडे मागणी आहे. मामला खासगी आहे, तरी पत्र एकट्या फिलेमोनाला लिहिलेले नाही. अप्फिया, अर्खिप्प आणि त्याच्या घरी जमणारी मंडळी यांचीही नावे त्यावर आहेत. म्हणजे फिलेमोनाने काय ठरवले, हे सर्वांना कळणार होते. शेवटी शेवटी पौल आपल्या उतरण्याची सोय करून ठेव, असेही सांगतो. म्हणजे आज्ञा पाळली गेली की नाही, हे तो स्वतः येऊन पाहणार होता. घरात मोलकरीण असलेल्या, शेतावर मजूर असलेल्या, कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या आपल्या मंडळीच्या सभासदांनी हे पत्र त्याच मंडळीतल्या मोलकरणी, मजूर आणि कामगार यांच्या शेजारी बसून एकदा मोठ्याने वाचावे, आणि वाचून झाल्यावर पहिले बोलणे त्यांना करू द्यावे.